फक्कीच्या रेषा आणि मनातले घर

सकाळी आठच्या सुमारास आखणीला सुरुवात होते. प्लॉटच्या कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते. मिस्त्री एका दोरीवर तीन फूट मोजतो, दुसरीवर चार, आणि दोन खुणांमधले अंतर नेमके पाच फूट भरले की काटकोन साधला म्हणून मान हलवतो. मग मुठीतून फक्की सोडत तो उलट पावली सरकत जातो. तासाभरात मोकळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांचे घर उमटते. नारळ फोडायला जमलेली घरची मंडळी रेषा ओलांडून आत जातात आणि जवळजवळ प्रत्येक प्लॉटवर तेच वाक्य ऐकू येते : "हे स्वयंपाकघर? एवढंसंच?"

डोक्यावर आभाळ आणि चारी बाजूंना मोकळे रान असताना दहा बाय दहाची खोली लहानच दिसते. भिंती चढल्या की तीच खोली डोळ्यांना मोठी वाटू लागते आणि पलंग-कपाट आत आले की पुन्हा आकसते. मिस्त्रीला हे ठाऊक असते, म्हणून तो धीर देतो. पण त्या "एवढंसंच?"मध्ये डोळ्यांच्या फसगतीखेरीज आणखीही काही असते. वर्षानुवर्षे मनात बांधलेले घर आणि हातातल्या जमिनीत, पैशात, नियमांत बसणारे घर त्या क्षणी पहिल्यांदा समोरासमोर येतात. मनातल्या घराला कुणी टेप लावलेली नसते. त्यात झोपाळा असतो, आजोळच्या घराची पडवी असते, कुणाच्या तरी बंगल्यात पाहिलेला गोल जिना असतो, देवघरात उतरणारे सकाळचे ऊन असते.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते ते खर्चाच्या धास्तीने. खर्च महत्त्वाचा आहेच. पण घर बांधणाऱ्या माणसाची खरी दमछाक होते ती निवडीमुळे. रोज काहीतरी ठरवावे लागते, आणि ठरवलेले बहुतेक सारे सिमेंटमध्ये कायमचे बसते. या पुस्तकात पुढे पाया, भिंती, छप्पर, नळकाम, रंग असे एकेक काम सविस्तर येईल. त्या सगळ्या कामांतून सलग वाहणारा प्रश्न मात्र एकच आहे : आपल्याला काय आवडते आणि आपल्याला काय जमते, यांची गाठ कशी घालायची? या प्रस्तावनेचे म्हणणे असे की हा वाद टाळता येत नाही, टाळूही नये. तो लवकर व्हावा, कागदावर व्हावा आणि घरातल्या प्रत्येकाच्या देखत व्हावा. स्लॅब पडल्यावर तोच वाद सुरू झाला की त्याचे बिल येते.

आधी थोडा हिशेब. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला तीस बाय चाळीसचा प्लॉट हे मध्यमवर्गीय घराचे अगदी नेहमीचे माप आहे. म्हणजे बाराशे चौरस फूट, एका गुंठ्याहून किंचित जास्त. समजा, पुढे दहा फूट आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना पाच-पाच फूट मार्जिन सोडले. बांधायला उरले वीस बाय पंचवीस, म्हणजे पाचशे चौरस फूट. बाहेरच्या भिंती नऊ इंची धरल्या तर त्या एकट्याच सुमारे 65 चौरस फूट खातात. दहा फूट उंचीच्या मजल्याला वळणाचा साधा जिना घेतला, तीन-सव्वातीन फूट रुंदीचा, तर त्यालाही जवळजवळ तेवढीच जागा लागते. आतल्या भिंती अजून मोजल्याच नाहीत आणि पाचशेचे पावणेचारशे झाले. नेमके मार्जिन किती सोडायचे हे प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि स्थानिक नियमांवर ठरते. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तेव्हापासून गावोगावचे नियम बरेचसे एका चौकटीत आले आहेत. पण नियम कोणताही असो, वजाबाकी ही करावीच लागते. ती घरच्यांनी स्वतः, पेन्सिल हातात घेऊन, एकदा तरी करावी. इंजिनिअरने केलेला नकाशा पाहून जे उमगत नाही ते या वजाबाकीने उमगते. गोल जिन्याची किंमत चौरस फुटांत कळते, आणि मग तो हवाच असेल तर कोणती खोली लहान करायची हेही सुचते.

अडचण म्हणजे आवडीचा शत्रू, ही समजूत जुन्या घरांकडे पाहिले की टिकत नाही. आज ज्या गोष्टी आपण हौसेने मागतो त्यातल्या कितीतरी एके काळी निव्वळ गरजेपोटी जन्मल्या. वाड्याचा चौक घ्या. भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या पेठांमध्ये बाजूने खिडकी काढायला जागाच नव्हती. उजेड आणि वारा वरूनच घ्यावा लागे, म्हणून घराच्या पोटात चौक आला. चौकाभोवती ओसरी आली, आणि ओसरीवर पापड वाळू लागले, मुले पाढे म्हणू लागली. कोकणातले घर घ्या. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी क्षणभरही थांबू नये म्हणून छपराला तीव्र उतार, आणि जांभ्याच्या भिंतीवर झड येऊ नये म्हणून पुढे ओढलेली पागोळी. त्या पागोळीखाली जी सावली उरली तिची पडवी झाली. जांभ्याचा चिरा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि उघड्या हवेत राहून तो कडक होत जातो. चिऱ्याच्या घरांचे ते ठसठशीत रूप या गुणातून आले. मंगळुरी कौले तर त्या मानाने कालपरवाची. बासेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आज ज्याला आपण अस्सल कोकणी छप्पर म्हणतो त्यात एका कारखान्याच्या मालाचा मोठा वाटा आहे.

म्हणजे आवड ही काही आभाळातून पडत नाही. ती हवा, दगड, माती आणि हातातला पैसा यांच्याशी बरीच वर्षे घासून तयार होते. गडबड होते ती एखाद्या रूपाची आठवण राहते आणि त्यामागचे कारण विसरले जाते तेव्हा.

या विसरण्याची सर्वांत मोठी किंमत मराठवाड्याने मोजली. लातूर-धाराशिव पट्ट्यातली जुनी घरे जाड दगडी भिंतींची आणि माळवदाची. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या, आणि त्यांच्यावर फूट-दोन फूट जाडीचा पांढऱ्या मातीचा थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या घरासारखे सुख नाही. बाहेर बेचाळीस अंश असताना आत गारवा, आणि रात्री माळवदावर अंथरूण. भक्कम, रुंद भिंत ही तिथे प्रतिष्ठेचीही गोष्ट होती. पण माळवद गळू लागले की वर नवी माती टाकायची, अशी रीत असल्यामुळे छपराचे वजन वर्षानुवर्षे वाढत गेले. भिंती बाहेरून दोन पदरी घडीव दिसत, मात्र दोन पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि मधे भरलेली होती माती. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास, आदल्या दिवशीचे गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले असताना, किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली फार मोठी संख्या आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली.

त्यानंतर जे झाले तेही घर बांधणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भूकंपात टिकतील अशी होती, आणि त्या क्षणी तेच सर्वांत महत्त्वाचे होते. रस्ते मात्र सरळ आणि रुंद आखलेले, घरे एका ओळीत, एका साच्याची. जुन्या गावात वाड्याच्या दारातून आत आले की आधी बसण्याउठण्याची ढाळज लागायची, मग चौक, मग घर. बाईमाणसाला चौकात बसून मोकळेपणाने काम करता यायचे, बैल आणि कडबा यांना जागा असायची. नव्या घराचे दार थेट रस्त्यावर उघडू लागले. लोकांनी आपापल्या परीने उत्तर शोधले. अनेकांनी प्लॉटभोवती भिंत घातली, पत्र्याचे छप्पर ओढले, पुढे बसायला आडोसा केला, आणि हळूहळू त्या साच्याच्या घराभोवती जुन्या वाड्याची खूण उभी राहिली. सुरक्षेची अडचण खरी होती आणि चौकाची ओढही तेवढीच खरी होती. आखणीच्या वेळी दुसरीला जागा मिळाली नाही म्हणून ती नंतर मिळेल त्या सामानाने आत आली.

आणखी एक गोष्ट घडली. दगडावरचा लोकांचा विश्वास उडाला. दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव, असे समीकरण पक्के झाले. खरे तर दोष दगडाचा नव्हता. आरपार दगड घातले, कोपरे नीट बांधले, लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टा दिला आणि छपरावरची माती कमी केली तर दगडाचे घर बऱ्यापैकी धक्का सोसते. त्याच कार्यक्रमात मोठ्या संख्येने जुनी घरे अशा उपायांनी मजबूत करण्याचे कामही होते, आणि हे तंत्र गवंड्यांना शिकवले गेले. पण भीतीने केलेली निवड आणि हौसेने केलेली निवड या दोघींनाही कारण विचारायची सवय नसते.

कोकणात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कौलारू घराला दर वर्षी पावसाआधी शाकारणी लागते. कौले उतरवा, साफ करा, फुटलेली बदला, वासे-रीप तपासा. शाकारणी करणारी माणसे मिळेनाशी झाली, मुले मुंबई-पुण्यात, आणि माकडांच्या टोळ्या कौलांवरून धावू लागल्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. लोकांनी स्लॅब टाकला तो हौसेखातर, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सपाट स्लॅबवर कोकणचा पाऊस चार महिने उभा राहतो. काही वर्षांत ओल उतरते, पंख्याच्या हुकाशेजारी तपकिरी वर्तुळ उमटते, आणि मग स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड घातली जाते. आज गुहागरपासून सावंतवाडीपर्यंत गाडीने जाताना अशी घरे कितीतरी दिसतात. खाली स्लॅब, वर पत्रा. जो उतार आधी सोडून दिला तो नंतर दुसऱ्यांदा पैसे मोजून विकत घेतलेला. नकाशा काढतानाच "आपल्याकडे पाऊस किती, आणि हे छप्पर दहा वर्षांनी कोण सांभाळणार?" हा एक प्रश्न विचारला असता तर उताराचाच स्लॅब घालून वर कौले बसवता आली असती. वादळात टिकणारे, माकडांना दाद न देणारे आणि आजोळची आठवण राखणारे असे तिन्ही गुणांचे छप्पर काही घरांनी केलेलेही आहे. सेंट्रिंगचा खर्च त्यात जास्त येतो, हे कबूल करायला हवे.

अडचणींना आपणहून दारात बोलावणारीही घरे असतात. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथली घरे आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गावच्या हातांनी व्हावीत, असा त्यांचा आग्रह. बापू कुटीच्या भिंती मातीच्या, छप्पर कौलांचे, लाकूड-बांबू तिथलाच. याहून कडक मर्यादा स्वतःवर घालून घेणे अवघड आहे. तरीही त्या भिंतीवर मीराबेननी हाताने मातीत उठवलेली झाडे आणि चरखा आहे. खर्च शून्य, जागा शून्य, आणि खोलीत शिरणाऱ्याचे लक्ष पहिल्यांदा तिकडेच जाते. घर कितीही साधे करायचे ठरवले तरी माणसाचा हात भिंतीवर काहीतरी काढल्याशिवाय राहत नाही, आणि राहूही नये.

लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद त्याच विचाराने भारले गेले. घरासाठी लागणारे सामान पाच मैलांच्या परिघातून यावे, हा गांधीजींचा सल्ला ते आयुष्यभर सांगत राहिले. केरळात त्यांनी जी घरे बांधली त्यात विटा उभ्या लावून मधे पोकळी सोडणारी भिंत असे. तिला साधारण पाव हिश्श्याने कमी विटा लागतात, आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते. स्लॅबच्या खालच्या बाजूला, जिथे काँक्रीटचा फारसा उपयोग नसतो, तिथे ते कौले बसवून काँक्रीट वाचवत. गिलावा नाही, त्यामुळे वीट उघडी. त्या उघड्या विटेचे रूप पाहून महाराष्ट्रातही पुष्कळांना तशी भिंत हवीशी वाटते, आणि ते आवडण्याजोगे आहेच. पण बेकरांची वीट उघडी होती कारण गिलाव्याचा खर्च वाचत होता, वीट सारखी भाजलेली होती, गवंडी सांधा नेटका भरणारा होता, आणि वर रुंद छज्जा पाण्यापासून तिला सांभाळत होता. यातले एकही नसताना वीट उघडी ठेवली तर दोन पावसाळ्यांत ती पाणी पिऊ लागते. तेव्हा आवडलेले घर पाहताना एकच विचारावे : याला हे रूप कशामुळे आले? उत्तर आपल्या गावात लागू पडत असेल तर ते रूप बिनधास्त घ्यावे.

मुंबईतल्या एका इमारतीत आवड आणि अडचण यांची गाठ फार सुंदर घातलेली आहे. मुंबईत पश्चिमेकडे तोंड केले की समुद्राचा वारा आणि समुद्राचे दृश्य मिळते. पण दुपारनंतरचे कडक ऊन आणि जून ते सप्टेंबरचा आडवा पाऊस हे दोन्हीही पश्चिमेकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचे उत्तर काढले होते. चार्ल्स कोरिया यांनी 1983 मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत तोच व्हरांडा उचलून आभाळात नेला. प्रत्येक फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची, बाग लावण्याइतकी. ऊन-पाऊस गच्चीत अडतो, वारा मात्र घरात जातो. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरे. पण त्याच कोरियांनी त्याच दशकात नवी मुंबईत बेलापूरला अगदी लहान प्लॉटांवर, 45 चौरस मीटरपासून पुढे, घरांची वसाहत आखली. सात-सात घरे आठ बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती. घराच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक नाहीत, म्हणजे पैसे येतील तसे ज्याने त्याने आपले घर वाढवावे. पुढे लोकांनी ते वाढवलेच. मूळची बैठी, उतरत्या छपराची घरे आज तिथे फारशी उरलेली नाहीत, त्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे आली. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पाहून हळहळ वाटते. घराच्या मालकाच्या बाजूने पाहिले तर मात्र ती वसाहत ज्या हेतूने आखली तो हेतू सफल झाला. आज जमत नाही ते उद्या करता येईल, एवढी मोकळीक आखणीतच ठेवलेली होती, आणि अंगणे अजून जागेवर आहेत.

साधे घर बांधणाऱ्यालाही बेलापूरकडून घेण्यासारखे आहे ते हेच. आपल्या आवडींचे दोन ढीग करावेत. नंतर बदलता येतील अशा, आणि एकदा झाल्या की बदलणार नाहीत अशा. रंग, पडदे, फर्निचर, गेट, दिव्यांच्या झुंबरापासून समोरच्या भिंतीवरच्या दगडी टाइलपर्यंतचे सगळे पहिल्या ढिगात. पाया, जोत्याची उंची, खिडक्यांच्या दिशा, खोल्यांची उंची, जिना, सांडपाण्याचा उतार, कॉलमची जागा हे दुसऱ्यात. बहुतेक घरांत बोलणे पहिल्या ढिगावर होते, कारण तो दुकानात हाताला लागतो. दुसऱ्या ढिगावर बोलायला दुकान नाही.

जोत्याचेच पाहा. कृष्णा-वारणेच्या काठी 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेला माणूस जोते उंच घ्या म्हणणार, आणि त्याचे बरोबर आहे. त्याच घरात गुडघे दुखणारी आजी असते. जोते तीन फूट उंच केले की दारापुढे सहा पायऱ्या येतात. मग घराच्या बाजूने लांब, सौम्य उताराचा रस्ता काढायला जागा ठेवायची की पुढच्या अंगणात ऐटदार पायऱ्या करायच्या, हा प्रश्न आखणीच्या दिवशीच सुटला तर सुटतो.

पायाची गोष्ट आणखी अवघड, कारण तो दिसतच नाही. दख्खनची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला की दरवाजाच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि खर्चाचा एक घसघशीत भाग मातीत जातो. पुष्कळ मंडळींना हे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. हॉलच्या मधला कॉलम काढा, मोकळे दिसेल, ही मागणीही अशीच. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस फुटाला तीस किलोच्या घरात जाते. सारखे वजन पेलणाऱ्या तुळईचा पल्ला दहा फुटांवरून वीस फुटांवर नेला तर तिला वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. बीम खोल करावा लागतो, सळई वाढते. मोकळा हॉल घ्यावा, अवश्य घ्यावा, ज्या घरात बारशी-साखरपुडे घरीच होतात तिथे तो हवाच. फक्त त्यापायी काय सोडावे लागेल हे कळल्यावर घ्यावा.

दिशांबद्दलही थोडे बोलायला हवे. वास्तूचे नियम मानणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ज्याच्या मनाला ते पाळल्याने स्वस्थता मिळते त्याने ते पाळावेत. मात्र ते पहिल्या नकाशाआधी सांगावेत. स्लॅब झाल्यावर कुणीतरी येऊन संडासाची जागा चुकली म्हणतो आणि मग पाइपासाठी तुळईला छिन्नी लागते, हे घराच्या प्रकृतीला फार वाईट. सूर्याचा नियमही त्याच बरोबरीने विचारात घ्यावा. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, म्हणून त्या दिवसांत सर्वांत जास्त तापते ती गच्ची. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्याचे दुपारचे ऊन अडते आणि थंडीत खाली झुकलेला सूर्य मात्र आत येतो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला छज्जा पुरत नाही, तिथे झाड, जाळी किंवा जिन्यासारखी कमी वावराची जागा हवी. पश्चिममुखी प्लॉट मिळाला म्हणून हिरमुसलेल्या माणसाला हे कळले तर त्याचा अर्धा भार हलका होतो.

आणि ओटा. घरातली सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत कमी चर्चिली जाणारी गोष्ट. कडप्पा की ग्रॅनाइट यावर आठवडाभर बोलणे होते. उंची मात्र मिस्त्री सवयीने ठरवतो. ओट्याशी उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि कोपराच्या तीन-चार इंच खाली ओटा यावा, म्हणजे खांदे न उचलता पोळी लाटता येते. पाच फूट उंचीच्या बाईला आणि पावणेसहा फूट उंचीच्या तिच्या मुलाला एकच ओटा सोयीचा होणार नाही. जो रोज जास्त वेळ तिथे उभा राहतो त्याचे माप घ्यावे. मिस्त्रीला बोलावून, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून. याला एक रुपयाही लागत नाही. लागते ते एवढेच की घराविषयीच्या बैठकीत स्वयंपाक करणाऱ्या माणसाला बोलता आले पाहिजे. अनेक घरांत नकाशा पुरुषांमध्ये ठरतो आणि स्वयंपाकघर बाईच्या वाट्याला येते तसे येते. फक्कीच्या रेषांत उभे राहून "एवढंसंच?" म्हणणारा आवाज बहुतेक वेळा तिचाच असतो, कारण नकाशा तिला त्याच दिवशी पहिल्यांदा भेटतो.

वेळ हीही एक अडचण आहे आणि ती पैशापेक्षा हट्टी आहे. दसऱ्याला किंवा अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा असे मनाने घेतले की सगळे काम त्या तारखेकडे ओढले जाते. सर्वांत आधी कापले जाते ते पाणी मारणे. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट राख मिसळलेले असते, त्याला भारतीय मानकाप्रमाणे किमान दहा दिवस ओल हवी. साध्या सिमेंटला सात. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवण्याची आपल्या गवंड्यांची जुनी रीत याच कारणासाठी उत्तम आहे. तारीख हौसेने ठरवावी, पण दहा दिवस आधीच बाजूला काढून.

ज्यांना निवडीला जागाच नाही असे वाटते, त्यांच्याकडेही पाहायला हवे. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान माप 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट आहे. सपाट भागात त्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले, तेही काम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी. जोते झाले की फोटो, छप्पर झाले की फोटो. इतक्या कमी जागेत आणि पैशात आवडीनिवडीचे काय उरणार, असे शहरातल्या माणसाला वाटेल. गावात जाऊन पाहिले की घरकुलापुढे ओटा घातलेला दिसतो. भिंतीत दिव्यासाठी देवळी ठेवलेली दिसते. दाराशेजारी तुळस दिसते.

आणि पुष्कळदा जुन्या, पडलेल्या घराची चौकट नव्या भिंतीत बसवलेली दिसते. सागवानी, उंबऱ्याशी झिजलेली, वर मधोमध गणपती कोरलेला. जुनी दारे बुटकी, साडेपाच फुटांची, आत जाताना मान लववावी लागेल अशी. नव्या घराचे लिंटेल सात फुटांवर. चौकट उभी केली की वर दीड फुटाची मोकळी जागा उरते. गवंडी क्षणभर विचार करतो, घरच्या म्हातारीकडे पाहतो, आणि त्या दीड फुटात एकाआड एक विटा सोडून जाळी बांधतो. दार लावले तरी त्या जाळीतून सकाळचा उजेड आत पडतो.